लांब पल्ल्याच्या सायकलिंगचा सराव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या दोनशे किलोमीटरचं मनावर घेतलेल्यांपासून सहाशेच्या दुसऱ्या रात्री अडकलेल्यांपर्यंत, लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. सोपे प्रश्न आधी, अवघड आणि अपवादाचे नंतर. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढच्या बऱ्याच उत्तरांमागे तीच आहे: लांबच्या राइड पायांमुळे फारशा अर्ध्यावर सुटत नाहीत. पोट बिघडतं, बसायची जागा सोलवटते, झोप अनावर होते, थांब्यांवर वेळ जातो, म्हणून सुटतात. या चारही गोष्टींचा सराव करता येतो, आणि तो पायांच्या सरावाबरोबरच पहिल्या आठवड्यापासून करायचा असतो.

१. लांब पल्ला म्हणजे नेमके किती किलोमीटर? ब्रेव्हे आणि शर्यत यांत फरक काय?

काटेकोर व्याख्या नाही, पण सायकलवाल्यांच्या बोलण्यात २०० किलोमीटरपासून पुढे लांब पल्ला धरतात, कारण ब्रेव्हेची सुरुवात तिथून होते. ब्रेव्हे म्हणजे ठरलेला मार्ग ठरलेल्या मुदतीत, स्वतःच्या जबाबदारीवर पूर्ण करायचा. पहिला-दुसरा क्रमांक नसतो. पॅरिसचा ऑडॅक्स क्लब पॅरिसिएन जगभरच्या ज्या ब्रेव्हेंना, म्हणजे बीआरएमना, मान्यता देतो त्यांच्या मुदती अशा: २०० साठी १३ तास ३० मिनिटं, ३०० साठी २० तास, ४०० साठी २७, ६०० साठी ४० आणि १००० साठी ७५ तास. २००, ३००, ४०० आणि ६०० एकाच हंगामात पूर्ण करणारा ‘सुपर रँडोनिअर’ होतो.

या परंपरेतलं मोठं नाव पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस. १८९१ मध्ये ती शर्यत म्हणून सुरू झाली. आता दर चार वर्षांनी १२०० किलोमीटरची ब्रेव्हे म्हणून होते आणि त्यासाठी जास्तीत जास्त ९० तास मिळतात. रेस अक्रॉस अमेरिका मात्र खरीखुरी शर्यत आहे. १९८२ मध्ये सुरू झालेली, एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, आणि तुम्ही झोपलात तरी घड्याळ चालूच. खालची उत्तरं मुख्यतः २०० ते ६०० डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

२. मी सध्या एका वेळी ३०-४० किलोमीटर चालवतो. २०० ला किती महिने लागतील?

तीन ते चार महिने धरा. आठवड्यातून एक लांब राइड ठेवा आणि ती हळूहळू वाढवा: ४०, ५०, ६०, मग एक आठवडा पुन्हा ४५. त्यानंतर ७०, ८०, ९५, पुन्हा कमी. तीन आठवडे चढता भार आणि चौथा हलका, ही पद्धत जुनी आहे आणि टिकून आहे, कारण शरीर बळकट होतं ते विश्रांतीत. हलका आठवडा गाळणारे लोक साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गुडघा धरून बसतात. हृदय आणि फुप्फुसं लवकर तयार होतात. स्नायूबंध आणि सांधे त्यांच्या बरेच मागून येतात.

३. सरावात एकदा तरी पूर्ण २०० करून बघायला नको का?

नको. १३० ते १५० आरामात झाले, म्हणजे दुसऱ्या दिवशी रोजची कामं नीट करता आली, तर २०० होतात. ३०० साठी २०० पुरे, ४०० साठी ३०० पुरे. ६०० च्या आधी मात्र एक पूर्ण रात्र सायकलवर काढलेली असावी (प्रश्न १६).

४. नोकरी आणि घर सांभाळून आठवड्याला सहा-सात तासच मिळतात. जमेल का?

२०० आणि ३०० नक्की जमतील. आठवड्यात मधे दोन राइड, एक-एक तासाच्या, आणि सुट्टीच्या दिवशी एक लांब, अशी विभागणी करा. ४०० च्या पुढे जायचं असेल तर महिन्यातून एकदा सलग दोन दिवस चालवा: शनिवारी १२०, रविवारी ८०. रविवारी थकलेल्या पायांनी सीटवर बसताना जे शिकायला मिळतं ते एका दिवसात २०० करून मिळत नाही, आणि शरीरावर ताणही कमी पडतो.

ज्यांना सकाळचा तासही मिळत नाही ते कामावर सायकलने जातात. चालेल, फक्त त्या वेळात सिग्नलपासून सिग्नलपर्यंत जोर लावण्याची सवय लागते. ती लावून घेऊ नका.

५. सगळे सांगतात सराव हळू करा. दम लागलाच नाही तर फायदा कसा होणार?

हा सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

शरीरात साखरेचा साठा, म्हणजे स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेन, साधारण ५०० ग्रॅम असतो. त्यातून सुमारे २,००० कॅलरी मिळतात. बेताच्या वेगाने सायकल चालवताना तासाला ४०० ते ६०० कॅलरी खर्च होतात. निव्वळ साखरेवर चाललात तर चार-पाच तासांत टाकी रिकामी. चरबीचा साठा मात्र सडपातळ माणसातही पन्नास हजार कॅलरींहून जास्त असतो. वेग जितका जास्त, तितकं शरीर साखरेकडे वळतं. वेग बेताचा असेल तर चरबीचा वाटा वाढतो. हळू सरावाने स्नायूंच्या पेशींत ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया वाढतात, केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, आणि त्याच वेगाला शरीर अधिक चरबी जाळू लागतं. वाचलेली साखर शेवटच्या पन्नास किलोमीटरच्या चढाला कामी येते.

‘हळू’ ओळखायची खूण सोपी आहे: शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. हृदयाचे कमाल ठोके काढायच्या ‘२२० वजा वय’ या सूत्रावर विसंबू नका. ती सरासरी आहे, आणि एकाच वयाच्या दोन माणसांच्या कमाल ठोक्यांत वीसचाही फरक असतो.

खरी अडचण मनाची असते. मागून कोणी पुढे गेलं की पाय आपोआप जोर लावतात. एकट्याने सराव करण्याचा मोठा फायदा हाच.

६. मग वेगाचा सराव अजिबात करायचा नाही?

करायचा, आठवड्यातून एकदा. तेवढ्याने पुरतं. अर्धा तास अंग गरम करा, मग आठ-आठ मिनिटांचे चार भाग जोरात, प्रत्येक दोघांमध्ये चार मिनिटं सावकाश. ‘जोरात’ म्हणजे शेवटच्या भागात पहिल्याइतकाच वेग राखता येईल इतका. स्टीफन सायलर या संशोधकाने अव्वल सहनशक्ती खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास केला तेव्हा सुमारे ८० टक्के सराव सोपा आणि २० टक्के कठीण अशी विभागणी दिसली. हौशी लोकांचं उलट होतं: सगळाच सराव मधल्या वेगाचा, ना धड सोपा ना धड कठीण. सोपं खरोखर सोपं ठेवलं तरच कठीण दिवशी पायांत ताकद उरते.

७. पॉवर मीटर (पेडलवरचा जोर वॅटमध्ये मोजणारं यंत्र) घ्यावाच लागेल का?

नाही. बोलता येतं की नाही ही कसोटी आणि साधा हृदयगती पट्टा एवढ्यावर १२०० किलोमीटर करणारे पुष्कळ आहेत. असेल तर उपयोग जरूर करा: वीस मिनिटं एकसारख्या जास्तीत जास्त जोराने चालवून आलेल्या सरासरीच्या ९५ टक्के म्हणजे तुमची एफटीपी (साधारण तासभर टिकवता येईल असा जोर), आणि लांबच्या राइडला तिच्या ५५ ते ७० टक्क्यांत राहायचं. पट्ट्याची एक मर्यादा लक्षात ठेवा. चार-पाच तासांनंतर, विशेषतः उन्हात, तोच जोर असूनही ठोके दहा-पंधराने चढतात. ठोके खाली ठेवायच्या नादात वेग पार पडू देऊ नका. पाणी आणि सावलीकडे बघा.

८. महागडी रोड बाइक नसेल तर चालेल? टायर कोणते?

चालेल. सायकल अंगाला बसलेली असावी, हे महत्त्वाचं. सपाटीवर वीसच्या वर गेलात की बहुतेक जोर हवा कापण्यात जातो, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून सायकलचं वजन एका किलोने कमी करण्यापेक्षा सैल फडफडणारं जाकीट काढून ठेवलं तर जास्त फायदा. टायर २८ ते ३२ मिलिमीटरचे, आणि हवा बाजूला छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत न भरता थोडी कमी. खडबडीत रस्त्यावर दगडासारखा टायर उड्या मारतो, आणि ते हादरे शेवटी हातांना आणि पाठीला सोसावे लागतात.

चढ असतील तर पुढच्या लहान चकतीइतके किंवा त्याहून जास्त दाते मागच्या मोठ्या चकतीला असू द्या. १८० किलोमीटरनंतरच्या चढावर ‘हा गिअर फारच हलका आहे’ असं कोणी म्हणत नाही.

९. गुडघा दुखतो. सराव थांबवू का?

आधी कुठे दुखतं ते पाहा. पुढून, वाटीपाशी दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे किंवा जड गिअर रेटताय. मागून दुखत असेल तर सीट वर आहे. बाहेरच्या बाजूने दुखत असेल तर बुटाच्या क्लीटचा, म्हणजे तळाच्या पेडलमध्ये अडकणाऱ्या तुकड्याचा, कोन तपासा.

सीटच्या उंचीची घरच्या घरी करायची तपासणी: भिंतीला टेकून सायकलवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल अगदी खाली न्या. पाय जेमतेम सरळ व्हायला हवा, कंबर बाजूला न झुकता. मग नेहमीसारखा चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा बाक उरतो. बदल एका वेळी तीन-चार मिलिमीटरचाच करा आणि दोन-तीन राइड बघा. एकदम सेंटिमीटरभर हलवलं तर दुखणं एका जागेवरून दुसरीकडे जातं. सीटपोस्टवर आधी टेपची खूण करून ठेवा.

पेडल मिनिटाला ८० ते ९५ फेरे, हलक्या गिअरवर. सूज असेल, गुडघा अडकत असेल किंवा जिना उतरतानाही दुखत असेल तर सायकल ठेवून डॉक्टरांकडे जा.

१०. बसायची जागा फार दुखते, कधी बधीरही होते. सवय होईल का?

दुखण्याची सवय होते. बधीरपणाची करून घेऊ नये.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बसायच्या दोन हाडांपाशी जे दुखतं ते कमी होत जातं. बधीर होणं म्हणजे मधल्या नाजूक भागातली नस आणि रक्तवाहिन्या दाबल्या जाताहेत. सीटचं नाक किंचित खाली करा, एक-दोन अंशच. जास्त झुकवलं तर अंग पुढे घसरून भार हातांवर येतो. तेवढ्याने भागलं नाही तर सीट बदला. रुंदी हाडांमधल्या अंतरावर ठरते: पन्हाळीच्या पुठ्ठ्यावर घट्ट बसा, उमटलेल्या दोन खळग्यांच्या मध्यांतलं अंतर मोजा. जाड मऊ सीट दुकानात सुखाची वाटते, पण चार तासांनी हाडं तिच्यात रुततात आणि सगळा दाब मधे येतो.

सोलवटणं वेगळं. ते ओल, घर्षण आणि शिवण यांमुळे होतं. पॅडवाल्या शॉर्टच्या आत काही घालू नका. घर्षण कमी करणारं क्रीम आधीच लावा, सोलवटल्यावर नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी वीसेक पेडल उभ्याने मारा. हे फुकटचं औषध आहे आणि बहुतेकांना आठवत नाही, म्हणून सरावात घड्याळाची घंटा लावा. ४०० च्या पुढे जादा शॉर्ट बरोबर ठेवा आणि वाटेत बदला. राइड संपल्यावर त्याच ओल्या शॉर्टमध्ये गप्पा मारत बसू नका, फोड बरेचदा तेव्हाच धरतात.

११. करंगळीला मुंग्या येतात आणि मान धरते.

करंगळी आणि अनामिका बधीर होणं म्हणजे तळहाताच्या कडेला अल्नर नस दाबली जाणं. हँडलबारवर दुहेरी टेप लावा, पकड सतत बदला, कोपर किंचित वाकवा. हँडलबार फार लांब किंवा फार खाली असेल तर हे उपाय तात्पुरते ठरतील. राइडनंतर दोन-तीन दिवसांत मुंग्या गेल्या नाहीत तर दाखवून घ्या.

मानेचं टोक म्हणजे ‘शर्मर्स नेक’: मानेचे स्नायू इतके थकतात की डोकं वर धरताच येत नाही. १९८३ च्या रेस अक्रॉस अमेरिकामध्ये मायकल शर्मर यांना हे झालं, त्यावरून नाव पडलं. हे हजार किलोमीटरच्या पलीकडचं दुखणं आहे, पण मान-खांद्यांचा व्यायाम आठवड्यातून दोनदा सगळ्यांनीच करावा.

१२. राइडमध्ये किती आणि काय खायचं?

दोन तासांच्या वर असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, त्यावरून अंदाज घ्या. नुसतं ग्लुकोज शरीर तासाला ६० ग्रॅमच्या आसपासच शोषतं. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकत्र घेतले तर दोघांचे मार्ग वेगळे असल्याने ९० पर्यंत जाता येतं. एवढं खाणं मात्र सरावाशिवाय पचत नाही. पोटालाही भार हळूहळू वाढवून द्यावा लागतो: पहिल्या महिन्यात तासाला ३०, मग ४५, मग ६०.

भूक लागायची वाट पाहू नका. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात पहिला घास, मग दर वीस-तीस मिनिटांनी थोडं थोडं. २०० ला नऊ तास पेडल मारणार असाल तर तासाला ५० ग्रॅमने ४५० ग्रॅम होतात. ते कुठून येणार हे आदल्या रात्री कागदावर लिहा. सात-आठ तासांनंतर गोडाचा वीट येतो. तेव्हा उकडलेला बटाटा, खारा भात, साधा ब्रेड असं काही हवं. राइडच्या दिवशी नवा पदार्थ, नवी पावडर, नवं जेल काहीही आजमावू नका, फुकट मिळालं तरी.

१३. उपाशीपोटी सराव केला तर चरबी जास्त जळते म्हणतात. करू का?

सकाळी तासाभराची सोपी राइड उपाशी केली तर बिघडत नाही. लांबची राइड उपाशी करू नका. त्यात पोटाचा सराव बुडतो (प्रश्न १२), पुढचे दोन दिवस थकवा राहतो, आणि चरबी जाळण्याची क्षमता तर हळू वेगानेही वाढतेच (प्रश्न ५).

१४. पाणी किती प्यायचं? जास्त प्यायलं तर काय बिघडतं?

प्रत्येकाचा घाम वेगळा, म्हणून मोजा. तासाभराच्या राइडआधी आणि नंतर, घाम पुसून, वजन करा. समजा ६८.० चं ६७.४ झालं आणि मधे अर्धा लिटर प्यायलात: ६०० ग्रॅम घट अधिक ५०० मिली, म्हणजे तासाला १.१ लिटर घाम. हेच गार हवेत एकदा आणि उन्हात एकदा करा. आकडे दुपटीनेही वेगळे निघतात. गेलेलं सगळं लगेच भरून काढायची गरज नसते. वजन दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त उतरू नये एवढं बघा.

जास्त पाणी पिणं खरोखर धोक्याचं आहे. घामाने मीठ जात असताना नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. बोटं सुजणं, अंगठी घट्ट होणं, डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं, आणि वजन घटण्याऐवजी वाढणं या त्याच्या खुणा. अशा माणसाला ‘पाणी पी, बरं वाटेल’ म्हणत आणखी पाणी पाजलं जातं आणि तो गंभीर होतो. गोंधळलेला दिसला तर पाणी थांबवून थेट दवाखान्यात न्या. एरवी तहानेनुसार प्या, आणि उन्हात दर दुसऱ्या बाटलीत क्षार घाला.

उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. एसीत ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायच्या यंत्रावर, सराव करून थेट उन्हातल्या ब्रेव्हेला जाऊ नका.

१५. मी वेगाने चालवतो, तरी नेहमी मुदतीच्या काठावर पोहोचतो. असं का?

थांब्यांमुळे. आकडेच बघू या. ६०० ला ४० तास. चालता वेग २० धरला तर ३० तास पेडल मारण्यात गेले, १० उरले. तीन तास झोप काढली की ७. आता बारा थांबे, प्रत्येकी २५ मिनिटांचे, म्हणजे ५ तास. एखाद-दुसरं पंक्चर आणि चुकलेलं वळण धरलं की हातात काही राहत नाही. तेच थांबे १० मिनिटांचे केले तर २ तासांत उरकतात: तीन तास वाचले. वेग २० चा २१ करून किती वाचतात? दीड तासाहूनही कमी, आणि तो एक किलोमीटर वाढवायला कित्येक महिन्यांचा सराव लागतो.

थांब्याचा सरावही करावा. उतरण्याआधीच मनात क्रम ठरवा: तिथे पोहोचल्याचा शिक्का किंवा पावती, बाटल्या, खाणं खिशात, लघवी, निघालो. खुर्चीत बसणं आणि फोन उघडणं यांत वेळ जातो. जे खाणं चालत्या सायकलवर खाता येतं ते थांबून खाऊ नका. जेवायला मात्र एकदा नीट, वीस मिनिटं बसा. घाईने गिळलेलं पुढच्या चढावर वर येतं.

१६. रात्रभर चालवायचा सराव कसा करायचा? झोप आवरत नाही.

सर्वांत अवघड वेळ पहाटे दोन ते सहा. तेव्हा शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं आणि डोळे उघडे असूनही मेंदू दोन-चार सेकंद झोपून जातो. रस्त्याच्या कडेची पट्टी तुमच्याकडे सरकल्यासारखी वाटली, मागचे दोन किलोमीटर आठवेनात, किंवा झाडाच्या जागी माणूस दिसू लागला, तर त्याच क्षणी थांबा. पुढच्या गावापर्यंत जाऊ असं म्हणू नका.

सुरक्षित जागी, रस्त्यापासून दूर, घड्याळ लावून १५-२० मिनिटं झोपा. त्याहून जास्त, म्हणजे ४०-५० मिनिटं झोपलात तर गाढ झोपेतून उठताना डोकं जड होतं; वेळ असेल तर सरळ दीड तास घ्या. झोपण्याच्या लगेच आधी कॉफी घेतली तर उठेपर्यंत तिचा असर सुरू झालेला असतो. तिचा पुरता उपयोग व्हावा म्हणून दिवसभर कॉफी टाळा. कॅफिन निम्मं उतरायला पाचेक तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी घेतलेली कॉफी रात्रीची झोपही बिघडवते.

जागरणाचा सराव म्हणून आठवडाभर कमी झोपणं चुकीचं आहे. उलट राइडच्या आधीचे पाच-सहा दिवस जास्त झोपा. सराव करायचा तो अंधाराचा: संध्याकाळी निघून मध्यरात्रीनंतर परत येणं, मोबाइलच्या उजेडात ट्यूब बदलणं, दिवा कुठल्या पातळीवर किती तास चालतो हे मोजणं. एक दिवा हँडलबारवर, एक हेल्मेटवर, मागचे दोन. रात्री चमकणारं जाकीट बीआरएमच्या नियमांत सक्तीचं आहे, आणि नसतं तरी घालावंच.

१७. गटात चालवल्यास सोपं जातं ना?

हवेच्या बाबतीत हो. दुसऱ्याच्या मागे राहिल्याने सपाटीवर चतुर्थांशाच्या आसपास श्रम वाचतात. पण गटाचा वेग तुमचा नसतो, आणि गटाचे थांबे तर नसतातच (प्रश्न १५). पहिल्या चढावर तुम्हाला बोलता येईनासं झालं तर गट सोडा. शंभर किलोमीटरनंतर त्यातले निम्मे तुम्हाला पुन्हा भेटतील.

१८. मुख्य राइडच्या आधी सराव कधी थांबवायचा?

थांबवायचा नाही, कमी करायचा. ४०० किंवा ६०० साठी शेवटचे दहा ते चौदा दिवस एकूण तास निम्म्यावर आणा, वेगाचे छोटे तुकडे तसेच ठेवा. २०० ला एक आठवडा पुरतो. त्या दिवसांत पाय जड वाटतात आणि सराव कमी पडला अशी भीती वाटते. ती घालवायला शेवटच्या रविवारी शंभर मारून येऊ नका.

१९. सर्दी-तापात आठवडा गेला. आता?

नुसती सर्दी, नाक वाहणं असेल तर सोपं चालवा. ताप, अंगदुखी, छातीत कफ असेल तर पूर्ण विश्रांती, आणि ताप उतरल्यावरही एक-दोन दिवस थांबून अर्ध्या वेळेने सुरुवात. ताप असताना जोर लावल्यास हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. बुडालेला सराव पुढच्या आठवड्यात दुपटीने भरून काढू नका. दहा-बारा दिवसांत फारसं काही जात नाही.

२०. वय पंचावन्न, रक्तदाबाची गोळी चालू आहे. मधुमेह आहे. करावं का?

पुष्कळ लोक करतात, डॉक्टरांना विचारून आणि तपासण्या करून. दोन गोष्टी इथे वेगळ्या आहेत. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर असेल तर ठोके फारसे वर जात नाहीत, म्हणून हृदयगतीचे आकडे निरुपयोगी. बोलण्याची कसोटी वापरा (प्रश्न ५). इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या असतील तर राइडमध्येच नाही, त्या रात्री झोपेतही साखर उतरू शकते. मात्रा राइडच्या दिवशी कशी बदलायची हे आधी डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि बरोबरच्यांना सांगून ठेवा.

वाढत्या वयात शरीर सावरायला वेळ लागतो. चौथ्याऐवजी तिसरा आठवडा हलका ठेवा, आणि आठवड्यातून दोनदा वजनांचा व्यायाम कराच.

२१. सराव वाढवल्यापासून पाळी अनियमित झाली. काळजीचं आहे का?

हो. याचा अर्थ बहुधा खर्चाच्या मानाने खाणं कमी पडतंय, आणि शरीर एकेक काम बंद करत आहे. हाडं ठिसूळ होतात, छोट्या ताणानेही मोडतात. तीन महिने पाळी आली नाही तर, किंवा त्याआधीही, स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा आणि खाणं वाढवा. ‘वजन उतरलं, चढाला बरं’ असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. पुरुषांतही हेच घडतं, फक्त खूण इतकी स्पष्ट नसते: सततचा थकवा, कामेच्छा कमी होणं, वारंवार आजारपण.

२२. दुखत असेल तर पेनकिलर घेऊन पूर्ण करू का?

आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या राइडमध्ये घेऊ नका. पाणी कमी पडलेलं असताना त्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवतात आणि पोटाचं अस्तरही दुखावतात. शिवाय दुखणं लपलं की इजा वाढते. राइडनंतर लघवी चहासारखी गडद झाली आणि स्नायू फार सुजले-दुखले तर स्नायू मोडून त्यांतलं प्रथिन रक्तात येत असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

२३. मधेच सोडून द्यायची वेळ कशी ओळखावी?

वाईट वाटणं हे कारण पुरेसं नाही. प्रत्येक लांब राइडमध्ये एक-दोन तास असे येतात की सगळं नको होतं. त्या वेळी आधी खा, मग दहा मिनिटं बसा, मग ठरवा. बहुतेकदा साखर उतरलेली असते. मळमळीने खाणं जात नसेल तर अर्धा तास अगदी हळू चालवत नुसतं पाणी घोट-घोट घ्या, कारण जोर लावताना रक्त पायांकडे जातं आणि पोट काम थांबवतं. ते सुरू झालं की भूक परत येते.

पण छातीत दुखणं, चक्कर, गोंधळ, घाम थांबून अंग तापणं, काही केल्या न आवरणारी थंडीची थरथर, प्रत्येक पेडलला वाढत जाणारी सांध्याची कळ, आणि दोनदा डुलकी काढूनही उघडे न राहणारे डोळे: यांतलं एकही असेल तर तिथेच थांबा, मग दहा किलोमीटर उरले असले तरी. थांबलात की लगेच आयोजकांना फोन करा. न कळवता घरी गेलात तर लोक रात्रभर अंधाऱ्या रस्त्यावर तुम्हाला शोधत फिरतात.